मिळालेली विद्या आणि मानवणारी विद्या

ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी एम.बी.बी.एस. होऊन पदव्युत्तर प्रवेशाच्या उंबरठ्यावर उभी असते, त्या घरी येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : "कोणती ब्रँच मिळेल?" या प्रश्नातील क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. आगगाडीत खालचा बर्थ मिळतो, शिधापत्रिकेवर साखर मिळते, तशी ब्रँच मिळते. "कोणती घेणार?" असे विचारणारे थोडे, आणि "कोणती मानवेल?" असे विचारणारा तर आम्हांला अद्याप भेटलेला नाही. वास्तविक 'मानवणे' हे किती नेमके क्रियापद आपल्या भाषेत आहे! हवा मानवते, पाणी मानवते, एखाद्याला दूध मानवत नाही. त्यात निव्वळ आवडीचा भाग नाही. एखादी गोष्ट आपल्या प्रकृतीने सामावून घेतली की नाही, हे त्यात विचारलेले असते. आणि त्याचे उत्तर तेथे काही दिवस राहून पाहिल्याखेरीज कोणालाच देता येत नाही.

आम्ही वैद्यक व्यवसायातले नव्हे. या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार एवढाच की आज ना उद्या आम्ही कोणत्या तरी डॉक्टरच्या टेबलावर आडवे होणार आहोत. विद्यार्थ्याने कोणती शाखा निवडावी या चर्चेत विद्यार्थी बोलतो, आई-वडील बोलतात, क्लासवाले बोलतात. ज्याच्या अंगावर ती निवड पुढील तीस-पस्तीस वर्षे उतरणार असते, तो रुग्ण मात्र त्या बैठकीला नसतो. त्याच्या वतीने चार शब्द लिहावेत, एवढाच हेतू.

आज ही निवड कशी होते ते प्रथम पाहू. नीट-पीजी ही परीक्षा दोनशे प्रश्नांची, आठशे गुणांची आणि साडेतीन तासांची असते. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा. दोन लाखांहून अधिक तरुण डॉक्टर ती देतात, त्यांचा देशभराचा एक क्रम लागतो, आणि त्या क्रमाने एकेक जण जागा उचलत जातो. कोणत्या जागा आधी संपतात हे सर्वांना पाठ असते : रेडिओलॉजी, मेडिसिन, त्वचारोग या वरच्या, अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री अगदी तळाच्या. २०२३ साली तर रिकाम्या राहिलेल्या जागा भरल्या जाव्यात म्हणून पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. एका टोकाला एका-एका गुणासाठी जीव टाकणे आणि दुसऱ्या टोकाला शून्य, असे हे चित्र आहे.

या व्यवस्थेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे आम्ही नाकारत नाही. गुणानुक्रमात ओळख चालत नाही, आडनाव चालत नाही. मुलाखतीत 'स्वभाव पाहून' निवड होऊ लागली, तर स्वभावाच्या नावाखाली कोणाकोणाचे कोण आत शिरेल हे आपल्या देशात निराळे सांगायला नको. क्रम आंधळा आहे म्हणूनच तो न्यायी आहे. परंतु जो जागा वाटतो तो सल्लागार नव्हे, हे आपण विसरलो आहोत. क्रम म्हणतो, 'तू यांपैकी काहीही घेऊ शकतोस.' आपण ऐकतो, 'यातले सर्वांत महाग ते तू घेतलेच पाहिजे.' उत्तम क्रमांक मिळवलेल्या मुलीने मनोविकारशास्त्र किंवा पॅथॉलॉजी घ्यायचे म्हटले, की घरातून उद्गार येतो, "एवढी चांगली रँक वाया घालवणार?" जणू रँक म्हणजे लग्नाच्या बस्त्यासाठी खिशात घातलेले पैसे, दुकानात शिरल्यावर उरवून परत आणणे कमीपणाचे! यातून विलक्षण गोष्ट घडते. ज्याला सर्वांत अधिक निवड करता येते, तोच सर्वांत कमी मोकळा असतो. खालच्या क्रमाचा विद्यार्थी निदान दोन-तीन शक्यतांत खरा विचार तरी करतो.

या प्रकाराला कंटाळून काही सहृदय मंडळी दुसरा मार्ग सुचवतात : विद्यार्थ्याचे व्यक्तिमत्त्व मोजा आणि त्याला साजेशी शाखा त्याला सांगा. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत इझाबेल मायर्स या बाईंनी १९५० च्या दशकात हजारो वैद्यकीय विद्यार्थ्यांना आपली प्रश्नावली भरायला लावली होती, आणि सुमारे बारा वर्षांनी त्यांपैकी कोण कोणत्या शाखेत स्थिरावले हे तपासले होते. विशिष्ट वृत्तीची माणसे विशिष्ट शाखांकडे काहीशी अधिक वळतात, असे त्यांना आढळले. आढळणारच. पण वळतात म्हणजे तेथे चांगले काम करतात, असे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय त्याच प्रश्नावलीवर पुढे असा आक्षेप आला की काही आठवड्यांनी ती पुन्हा भरली तर पुष्कळांचा 'प्रकार' बदलतो. महिन्याभरात बदलणाऱ्या उत्तरावर आयुष्याची शाखा ठरवायची, हे आम्हांला धाडसाचे वाटते.

आणि त्या साच्यांकडे पाहा. सर्जन म्हणजे तडकाफडकी निर्णय घेणारा, थोडा तापट. बालरोगतज्ज्ञ हसतमुख. मनोविकारतज्ज्ञ ऐकून घेणारा, पॅथॉलॉजीवाला एकलकोंडा. ही सारी रुग्णालयाच्या कँटीनमधली विनोदी चित्रे आहेत, आणि विनोदाला असतो तेवढा आधार त्यांनाही आहे. परंतु तो तापटपणा त्या माणसाने ऑपरेशन थिएटरमध्ये आणला, की थिएटरने त्याला दिला? दहा वर्षे दररोज, हातात रक्तस्राव होत असताना क्षणात ठरवण्याची सवय ज्याला लागली, तो घरी भाजी कोणती करायची हेही तसेच ठरवू लागला तर नवल नाही. स्वभावाने शाखा निवडली असे आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा शाखेने घडवलेला स्वभाव आपण मागाहून पाहत असतो.

या प्रश्नाची गाठ आपल्या जुन्या ग्रंथांत फार सुंदर रीतीने पडलेली दिसते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात शस्त्रकर्म करणाऱ्या वैद्याचे गुण सांगितले आहेत : धैर्य, हाताची चपळाई, शस्त्राची धार, घाम न फुटणे, हात न कापणे, गोंधळून न जाणे. वाचताना वाटते, हा तर स्वभावाचा मामला झाला. ज्याला घाम फुटतो त्याने परत जावे. परंतु थोडे पुढे, नवव्या अध्यायात, तोच ग्रंथ सांगतो की सर्व शास्त्र शिकलेल्या शिष्याकडूनही आधी सराव करून घ्यावा. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर. फोडण्याचा सराव पाणी भरलेल्या कातडी पिशव्यांवर. खरवडण्याचा केसाळ चामड्यावर. शिरा वेधण्याचा मृत पशूंच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर. टाके घालण्याचा जाड कापडाच्या कडांवर. आता प्रश्न असा की घाम न फुटणारा हात शोधायचा होता, तर इतकी काकडी-कलिंगडे कशासाठी? आम्हांला असे वाटते की न कापणारा हात सुश्रुताला हवा होताच, मात्र तो जन्मतः मिळावा अशी त्याची अट नव्हती. पन्नास कोहळे चिरून झाल्यावर ज्याचा हात स्थिर होतो तो त्याला चालत होता. आणि पन्नास कोहळ्यांनंतरही ज्याचा कापतो, त्याला ते माणसाच्या पोटाऐवजी कोहळ्यावर कळत होते, हेही काही थोडे नव्हे.

चरकाने दुसऱ्या बाजूने विचार केला आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तो म्हणतो की वैद्य होऊ इच्छिणाऱ्या शहाण्या माणसाने आपल्याला हे काम जड जाईल की हलके, त्याचे फळ काय, त्या फळामागून काय येईल, देश आणि काळ कोणता, हे पाहून आधी शास्त्राचीच परीक्षा करावी, त्यानंतर आचार्याची. आचार्य शिष्याला पारखतो ती गोष्ट पुढची. येथे 'अनुबंध' हा शब्द वापरला आहे, त्यावर आम्ही बराच वेळ थांबलो. फळ म्हणजे पदवी, पैसा, प्रतिष्ठा. अनुबंध म्हणजे त्या फळाला चिकटून येणारे पुढचे सारे : रात्रीचे फोन, मोडलेली जेवणे, वीस वर्षांनी आपल्याच मुलांशी असलेले नाते. आपल्या घरांत फळाची चर्चा रात्र-रात्र चालते. अनुबंधाची चर्चा फक्त मुलगी असली तर होते, आणि तीही भलत्याच कारणाने.

त्या भलत्या कारणाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण 'स्वभावाला साजेशी शाखा' हे वाक्य स्त्रियांच्या बाबतीत सल्ला म्हणून कमी आणि कुंपण म्हणून अधिक वापरले गेले आहे. "अस्थिरोग म्हणजे हातोडी-करवतीचे काम, ते तुझ्या प्रकृतीला झेपणार नाही." "सर्जरी घेतलीस तर स्थळे कशी येतील?" पहिले वाक्य काळजीचे वाटते, पण पुष्कळदा त्याच्या पोटात दुसरेच दडलेले असते. येथे आमच्या हैदराबादचे एक उदाहरण आठवते. १८८० च्या दशकात येथील वैद्यकशाळेत रूपाबाई फर्दुनजी शिकल्या. १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेचा छडा लावण्यासाठी हैदराबादेत जे दोन आयोग काम करीत होते, त्या वातावरणात त्या भूलशास्त्राकडे वळल्या, पुढे १९०९ मध्ये अधिक शिक्षणासाठी एडिंबरोला गेल्या. जगातील अगदी आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचे नाव घेतले जाते. त्या काळच्या कोणत्याही शहाण्या माणसाला 'पारशी मुलीच्या स्वभावाला साजेसे काम कोणते?' असे विचारले असते, तर बेशुद्ध माणसाच्या श्वासावर पहारा देणे हे उत्तर कोणी दिले नसते.

हैदराबादचेच दुसरे उदाहरण याहून अवघड आहे. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परोपजीवी पाहिला, हे येथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. बेगमपेठेतील ती इमारत अजून उभी आहे. रॉस यांना लेखक-चित्रकार व्हायचे होते. वैद्यक ही लष्करात जनरल असलेल्या वडिलांची इच्छा. विद्यार्थिदशेत त्यांचे लक्ष कवितेत आणि संगीतात. १८८१ साली ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आले, तेही फारशा उत्साहाने नव्हे. मग १८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना रक्तातील परोपजीवी दाखवला, आणि या माणसाला प्रश्नाने पकडले. १९०२ चे नोबेल पारितोषिक हा त्याचा शेवट. कोणत्याही व्यक्तिमत्त्वचाचणीने या कवीला हिवतापाकडे धाडले नसते.

ही गोष्ट ऐकून काही वडील खुशीत येतील, म्हणून सांगतो : रॉस यांच्या चरित्रातून वडिलांच्या आग्रहाचे समर्थन निघत नाही. वडिलांच्या आग्रहाने वैद्यक शिकलेल्या आणि कोणताही प्रश्न कधीच भेटला नाही अशा असंख्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. त्यांच्यासमोर बसलेल्या रुग्णांची तर नाहीच नाही. रॉस यांच्या उदाहरणातून आम्ही एवढेच घेतो की माणूस आणि विद्या यांचे जुळणे हे पुष्कळदा एखाद्या विशिष्ट प्रश्नामुळे, विशिष्ट गुरूमुळे घडते, आणि ते पंचविसाव्या वर्षीच घडेल असे नाही.

तर मग विद्यार्थ्याला मदत करायची ती कशी? 'तुला काय आवडते?' हा प्रश्न आम्हांला अपुरा वाटतो. विद्यार्थ्याला आवडलेली असते ती एखाद्या शाखेतील विरळ घटका. हृदय पुन्हा धडधडू लागले तो क्षण, कोणाला न सुचलेले निदान सरांनी राउंडवर केले तो क्षण. हे क्षण सर्वच शाखांत असतात आणि सर्वच शाखांत थोडे असतात. विचारायचे ते उरलेल्या दिवसांविषयी. मंगळवारी दुपारी तीन वाजता, ओपीडीत पंचेचाळीसावा रुग्ण तीच गुडघेदुखी घेऊन येईल, तेव्हा तू त्याच्याकडे मान वर करून पाहशील का? अंधाऱ्या खोलीत दिवसभर एकापाठोपाठ एक छायाचित्रे पाहताना, ऐंशीव्या चित्रावरही तुझी नजर पहिल्याइतकीच संशयी राहील का?

त्याहून खोलवर जाणारा आणखी एक प्रश्न आहे, तो म्हणजे अपयशाचा. प्रत्येक शाखेचे अपयश निराळ्या जातीचे असते, आणि कोणत्या जातीचे अपयश आपण सोसू शकतो यावरून माणूस यशापेक्षा अधिक ओळखता येतो. सर्जनच्या अपयशावर त्याचाच हात उमटलेला असतो. ते आज घडते, आजच कळते, आणि बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांसमोर त्याला आजच उभे राहावे लागते. मधुमेहाच्या डॉक्टरचे अपयश पंधरा वर्षे थेंबाथेंबाने गळते : प्रत्येक भेटीत रुग्ण 'हो डॉक्टर' म्हणतो, प्रत्येक भेटीत साखर वाढलेली असते, आणि एके दिवशी पायाचे बोट जाते, त्यात चूक कोणाची हे कधीच ठरत नाही. रेडिओलॉजिस्टला त्याचे अपयश आठ महिन्यांनी पाकिटातून परत येते. जुन्या फिल्मवर ती सावली होतीच, आता सर्वांना दिसते आहे. भूलतज्ज्ञाकडे अपयश क्वचित येते, पण आले तर मिनिटांत येते. आणि यश मात्र इतके निनावी की बरा झालेला रुग्ण पेढे सर्जनला देतो, भूल कोणी दिली होती हे त्याला आठवतही नाही. मनोविकारतज्ज्ञाच्या वाट्याला शांतता येते. येणारा रुग्ण येईनासा होतो. तो बरा झाला, दुसरीकडे गेला, की त्याने काही करून घेतले, हे पुष्कळदा कळतच नाही.

कोणी एखादा तत्काळ येणारा आघात झेलू शकतो, पण ती न संपणारी अनिश्चितता त्याला पोखरते. दुसऱ्याला पेढे न मिळाल्याचे काहीच वाटत नाही, पण आपल्या हाताने झालेल्या इजेतून तो वर्षानुवर्षे बाहेर येत नाही. यांत श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. हे ज्याचे त्याला कळायला हवे, आणि शक्यतो एखाद्या रुग्णाच्या जिवावर न कळता आधी कळायला हवे.

येथे कोणी स्वधर्माचा दाखला देईल. आजकाल स्वधर्म म्हणजे 'मनाला भावेल ते' असा सोयीचा अर्थ रूढ होऊ पाहतो आहे. गीतेतल्या अर्जुनाची अडचण नेमकी उलटी होती. जे त्याचे काम होते तेच त्या घटकेला त्याला भावत नव्हते. तेव्हा तो शब्द या चर्चेत जपून वापरावा. विशेषतः ज्याला मनाजोगती शाखा मिळाली नाही त्याच्याशी बोलताना. असे विद्यार्थी थोडे नाहीत, बहुसंख्य आहेत. 'तुझ्या स्वभावाची शाखा तुला मिळाली नाही, म्हणजे तू आयुष्यभर दुय्यम डॉक्टर' असे त्यांना वाटू देणे अन्यायाचे आणि असत्य आहे. आम्ही रुग्ण म्हणून विचार करतो तेव्हा आम्हांला आपल्या शाखेच्या प्रेमात पडलेलाच डॉक्टर हवा असा आमचा हट्ट नाही. रिपोर्ट नीट वाचणारा, खोटे न सांगणारा, आपल्याला न कळणारे दुसऱ्याकडे पाठवणारा चालेल. आणि हे गुण कोणत्याही एका शाखेच्या मालकीचे नाहीत. शाखा मानवली नाही की जे पहिल्यांदा जाते ते बहुधा कौशल्य नसतेच. ऐकून घेण्याचा धीर जातो.

राहता राहिली राहून पाहण्याची गोष्ट. ती सोय आपल्या अभ्यासक्रमात कागदावर आहे. वर्षभराची इंटर्नशिप आहे. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने स्वतः निवडून घालवायचा ऐच्छिक काळही आहे. प्रत्यक्षात इंटर्नशिपचे वर्ष नीट-पीजीच्या दोनशे प्रश्नांच्या तयारीत जाते. सकाळी सही, रक्ताचे नमुने, आणि मग ग्रंथालय किंवा मोबाइलवरील व्याख्याने. ज्या एका वर्षात सारे वॉर्ड उघडे असतात, त्याच वर्षी विद्यार्थी ते न पाहता त्यांची नावे क्रमाने लिहिण्याची तयारी करीत बसतो. त्याला दोष कसा द्यावा? त्याला ठाऊक असते की वॉर्डात पाहिलेल्याला गुण नाहीत. निवड चुकली तर मागे फिरणेही सोपे नाही. अनेक राज्यांत मध्येच जागा सोडणाऱ्याकडून लाखो रुपये भरून घेण्याचे बाँड प्रवेशाच्या वेळीच लिहून घेतले जातात. रिकाम्या जागांच्या दृष्टीने त्यात तर्क असेल. पण न मानवलेल्या शाखेत दंडाच्या भीतीने अडकून पडलेल्या निवासी डॉक्टरच्या हाती रात्रपाळीचा वॉर्ड असतो, हे तो तर्क मांडणारे विसरतात. पहिल्या चार-सहा महिन्यांत दंडाविना शाखा बदलता आली, तर कोहळ्यावरच्या चुका कोहळ्यावरच राहतील.

सरकार हे करील तेव्हा करील. आमच्या या पत्रिकेच्या वाचकांत हैदराबाद, इंदूर, बडोदे, बेळगाव येथील दोन-दोन पिढ्यांचे डॉक्टर आहेत. भाचा किंवा शेजाऱ्याची मुलगी सल्ला मागायला आली, की ते दिवाणखान्यात चहा पाजून 'स्कोप' सांगतात. त्यांना आमची विनंती आहे की त्याऐवजी त्या मुलाला आठवडाभर आपल्या दवाखान्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसू द्यावे, रुग्णांची संमती घेऊन, सकाळच्या पहिल्या माणसापासून रात्रीच्या शेवटच्या फोनपर्यंत. आणि शनिवारी दवाखाना बंद करताना, आपल्या हातून न सुधारलेला एखादा रुग्ण त्याला सांगावा. कोणत्या दिवशी काय झाले, नंतर झोप कधी लागली, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खुर्चीवर कसे बसलो, हे सारे. मुलगा ते ऐकताना कोणता प्रश्न विचारतो, त्याकडे लक्ष ठेवावे.